पांढरी शतावरी, हिरवा चाकवत

आइंडहोवनच्या शनिवारच्या बाजारात मी पांढऱ्या शतावरीचे शेंडे मोडून बघितले. एखादा नाही. समोर रचलेल्या ढिगातले हाताला लागतील तेवढे.

मोडताना आपण काही वावगं करतोय असं मला अजिबात वाटलं नाही. भेंडी घेताना टोक मोडून बघायचं, कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. दुधीला हळूच नख लावायचं. कणीस जरासं सोलून दाणा दाबायचा. हे मला कोणी बसवून शिकवलेलं नव्हतं. लहानपणी पुण्याच्या मंडईत आईच्या पिशवीचा बंद धरून फिरता फिरता ते हातात उतरलं होतं. शतावरी मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो, पण टोक होतं, काडी होती, तेव्हा परीक्षा घेणं आलंच. काय सुरेख कट्कन मोडत होती! मी खूश होऊन पुढची घेतली.

"नेय, नेय, नेय!" डचमधलं हे "नाही" मला कळत होतं.

टेबलामागे निळा एप्रन घातलेली साठीची एक बाई होती, माझ्यापेक्षा वीतभर उंच. हापूसच्या पेटीत अंगठा घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे देवगडचा बागायतदार जसा बघेल, तशी ती माझ्याकडे बघत होती. शेजारचा चीजवाला हातातली सुरी तशीच धरून थांबला. बाईंनी मग मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, की या देशात भाजीला हात विकणारा लावतो, घेणारा बोट दाखवतो. आणि शतावरीत लोक ज्याच्यासाठी वर्षभर थांबतात तो शेंडाच.

"काम काय करता तुम्ही?" तिने विचारलं.

मी सांगितलं, कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणारी यंत्रं जिथे तयार होतात तिथे इंजिनिअर आहे.

"तिथेही असंच मोडून बघता?"

तिथे मी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, दोन-दोन हातमोजे घालून वावरतो आणि श्वाससुद्धा जपून सोडतो. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. तिने सगळी मुंडकी उडालेली शतावरी आणि तिची मुंडकी एका कागदी पिशवीत भरली आणि माझ्या हातात दिली. मी पैसे देऊन निघालो. मागे चीजवाला हसत होता.

त्या चीजवाल्याचं आणि माझं आधीच बिनसलं होतं, म्हणजे माझ्या बाजूने. महिन्यापूर्वी इथल्या हाऊसआर्ट्सने, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरने, माझ्या रक्ताच्या रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल बघून भुवया उंचावल्या होत्या. इथला डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल आणि धीर यांच्या पलीकडे काही देत नाही, त्यामुळे त्याच्या भुवया हलल्या म्हणजे प्रकरण गंभीर असणार. मी छाती काढून म्हणालो, "पण मी शाकाहारी आहे." त्याने विचारलं, दुपारी काय खातोस? मी म्हणालो, ऑफिसात सगळे खातात तेच, पाव आणि चीज. सकाळी? पाव आणि चीज. संध्याकाळी भूक लागली तर? नुसतं चीज. तो म्हणाला, "चीज झाडाला लागत नाही."

झालं. मी घरी येऊन जाहीर केलं, की यापुढे फक्त झाडाला, वेलीला आणि जमिनीत येतं तेच खाणार. बायको खिडकीपाशी बसली होती. म्हणाली, "बरं." त्या दिवसांत ती कशालाही "बरं" म्हणायची.

ती पुण्यात बँकेत होती. काउंटरपासून सुरुवात करून ऑफिसर झालेली. दिवसभर समोर रांग. कोणाची सही जुळत नाही, कोणाला मुलीच्या लग्नासाठी ठेव मोडायची आहे, कोणी नुसताच चौकशीला. संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि तरी सांगण्यासारखं संपायचं नाही. माझ्याबरोबर यायचं म्हणून तिने वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती. ऑगस्टअखेर रजा संपणार. मग एक तर परत जाऊन रुजू व्हायचं, नाही तर राजीनामा. इथे आल्यापासून पाऊस, बंद दारं आणि रस्त्यावर हसून "हाय" म्हणून सायकलवरून निघून जाणारी माणसं. एकदा मी ऑफिसातून आल्यावर ती म्हणाली, "आज मी दोघांशी बोलले. एक पोस्टमन आणि एक तू. पोस्टमन जास्त बोलला."

जायचं ठरलंय असं ती म्हणत नव्हती आणि राहायचं ठरलंय असंही म्हणत नव्हती. मी विचारत नव्हतो. विचारलं तर उत्तर मिळेल याची भीती.

तर त्या शनिवारी मी पिशवी घेऊन घरी आलो आणि शतावरी भेंडीसारखी चिरून, मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट घालून परतली. वास झकास सुटला. बायकोने घास घेतला. चावला. पुन्हा चावला. मीही चावत होतो. बऱ्याच वेळाने तिने तोंडातून दोरखंडासारखं काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"ही भाजी आहे की सुंभ?"

"तंतू असतात. तब्येतीला चांगले."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्या आनंदात मी आईला फोन लावला आणि तिने "काय जेवलात?" विचारल्यावर सांगून टाकलं, "आज शतावरी."

पलीकडे आईचा आवाज एकदम बदलला. "शतावरी? कोणी सांगितली? डॉक्टरांनी?"

"हो, म्हणजे डॉक्टरांनीच सांगितलंय की..."

"अगं बाई! आणि तू हे आत्ता सांगतोयस?"

आपल्याकडे शतावरी म्हणजे शतावरी कल्प. चमचाभर दुधातून. बाळंतिणीला, नाही तर व्हायची असते तिला. ती ताटात वाढून फोडणीची खातात हे आईच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मी "अगं तसं नाही" म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता, कारण तिला पुढचे फोन करायचे होते. तासाभरात मावशीने डिंकाच्या लाडवांचं प्रमाण पाठवलं. एका काकांनी नुसतेच हात जोडलेली चित्रं. बायकोच्या आईचा फोन आला, तो रडवेला: "मला सगळ्यात शेवटी कळावं का गं?"

खुलासे करता करता माझी संध्याकाळ गेली. त्यात विनोदी भाग पुष्कळ होता आणि पुढे मी तो पार्ट्यांमध्ये पुष्कळ सांगितला. पण एक वाक्य मी पार्ट्यांत सांगत नाही. आईने बायकोला फोनवर म्हटलं होतं, "आता ते बँक-बिंक विसर हो. तिकडेच राहा." चांगल्या मनानेच म्हटलं होतं. बायको "अहो आई, तसं काही नाहीये" एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवला.

"मी कुठे राहायचं," ती म्हणाली, "हे माझ्याशिवाय सगळ्यांचं ठरलंय."

पुढच्या शनिवारी सकाळी ती जाकीट घालून दारात उभी. "चल. मला ती बाई दाखव."

"कशाला?"

"माझ्या नवऱ्याला भर बाजारात ओरडणारी बाई कोण, ते बघायचंय."

"भांडणार आहेस?"

"आधी बघते. तिचं बरोबर असेल तर हात मिळवून येते."

बाजारात गर्दी होती. मला लांबूनच बघून शतावरीवालीने आपले दोन्ही हात ढिगावर पसरले, कोंबडी पिलांवर पंख पसरते तसे. "तोडणारा आला!" तिने चीजवाल्याला हाक मारून सांगितलं.

"हा माझा नवरा," बायको म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "फार वाईट वाटलं ऐकून."

एवढं पुरलं. पुढची पंधरा-वीस मिनिटं त्या दोघी माझ्याविषयी बोलत होत्या आणि मी दोघींच्या मध्ये पिशवी धरून उभा होतो. मी शतावरी न सोलता शिजवली हे कळल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. इतक्या लांबच्या देशातही कपाळाला हात तसाच लावतात हे मला त्या दिवशी कळलं. पांढरी शतावरी शेंड्याच्या खालपासून बुडापर्यंत सोलायची असते. वरची साल दोराचीच. मग उकडायची आणि लोणी, अंडं आणि डुकराचं मांस यांच्यासोबत खायची. मी मध्येच म्हणालो, की मी फक्त झाडाचं खातो. "मग तुम्ही नुसती काडी खा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा बायकोकडे वळल्या.

निघता निघता बायकोचं लक्ष कोवळ्या बिटांच्या क्रेटकडे गेलं. तिने हात पुढे केला, मग थांबली, बाईंकडे बघून बोट दाखवलं. बाईंनी मान हलवली. बिटाच्या पाल्यात अडकलेला एक हिरवा शेंडा तिने हलकेच ओढून काढला, पान उलटं केलं. पाठीवर पांढरी पिठी.

"अरे," ती म्हणाली, मराठीत, कोणालाच उद्देशून नाही. "हा तर चाकवत."

बाई गडबडल्या. "सॉरी, सॉरी, ते तण आहे. टाकून द्या. शेतात नुसतं माजलंय. आम्ही डुकरांना घालतो."

"डुकरांची चैन आहे," बायको म्हणाली.

तिचं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे चाकवताची ताकातली पातळ भाजी हे साधंसुधं जेवण नसतं. तिच्यासाठी माणसं भाकरी जास्त खातात. ती बाईंना सांगत होती: हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, ताक, थोडं बेसन, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. बाईंना फोडणी म्हणजे काय ते कळलं नाही, तर तिने तोंडाने "चर्र" करून दाखवलं. चीजवाल्यानेही "चर्र" केलं. बाई म्हणाल्या, शतावरीची काढणी जूनअखेर बंद होते, मग आमचं शेत बघायला या. तण हवं तेवढं न्या. उलट मीच उपकार मानेन.

आम्ही सायकलवर गेलो. कालव्याच्या कडेकडेने, गावाबाहेर, जिथे माती वाळूसारखी सैल होते तिथे त्यांचं शेत होतं. काढणी संपलेल्या वरंब्यांवर शतावरीचा पाला फुटून हिरवा धूर उठल्यासारखा दिसत होता, आणि पलीकडे बिटांच्या रांगांत चाकवत, नुसता चाकवत, गुडघ्यापर्यंत. बायको काठावर उभी राहून बघत राहिली. मग वाकली.

मलाही हुरूप आला. एक रांग मी घेतली आणि जोमाने उपटत गेलो. रांगेच्या शेवटी पोचून वळून बघतो तर चाकवत जागच्या जागी उभा आणि माझ्या टोपलीत करंगळीएवढी बिटं. बाई आल्या, टोपलीत बघितलं. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला गोठ्याच्या सावलीत नेलं, एका उलट्या बादलीवर बसवलं आणि कॉफी दिली. तिथून मला त्या दोघी लांबवर दिसत होत्या. दोन वाकलेल्या पाठी, एक निळी, एक पिवळी, आणि मधूनच एकदम ताठ होऊन हसणं. काय बोलत होत्या कोणास ठाऊक. बाईंचं इंग्रजी संपलं की त्या डच बोलत, हिचं इंग्रजी संपलं की ही मराठी.

त्या दिवशी घरी चाकवत शिजला. इथल्या दुकानात ताक मिळतं, कार्नेमेल्क म्हणतात, आपल्या ताकापेक्षा दाट आणि जरा अडेलतट्टू. तिने ते पाणी घालून सरळ केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "पण ताक झाडाला लागत नाही."

"मग तू आज उपास कर."

मी तीन वाट्या खाल्ल्या. डॉक्टरने चीजबद्दल सांगितलं होतं, ताकाचं त्याने नावही काढलं नव्हतं, असा मी निवाडा करून घेतला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या ऑफिसातली चार मराठी घरं, त्यांच्या ओळखीची टिलबर्गची दोन, मग चाकवताला बथुआ म्हणणारं एक पंजाबी जोडपं. सगळे बायकोला विचारायला लागले, मिळेल का? तिने बाईंना विचारलं. बाईंनी आधी तिला वेड्यात काढलं, आणि पुढच्या शनिवारी टेबलाच्या कोपऱ्यावर चाकवताच्या जुड्या मांडल्या. "पण माणसं आली तर तू बोल," त्या म्हणाल्या. "मला हे कसं खातात ते सांगता येणार नाही. मी डुकराला कधी विचारलं नाही."

मी कॉफीचा कप घेऊन समोरच्या बाकावर बसलो होतो. बायको टेबलामागे उभी. समोर मराठी बाई, तिच्यामागे पंजाबी आजोबा, त्यांच्यामागे एक डच मुलगी, तिला "वनस्पतिजन्य" काहीही चालत होतं आणि नावीन्याची हौस होती. बायको एकीशी मराठीत बोलत होती, आजोबांशी हिंदीत, मुलीशी इंग्रजीत, आणि सुट्टे देताना डच आकडे मोजत होती. एकाने मध्येच घुसायचा प्रयत्न केला तर तिने त्याच्याकडे न बघताच बोटाने मागे रांग दाखवली. ती खूण मी ओळखत होतो. पुण्यात लग्नाआधी मी तिच्या शाखेत पासबुक भरून घ्यायच्या निमित्ताने जायचो तेव्हा मलाही तिने तशीच रांग दाखवली होती.

जुलै सरत आला. बँकेची मेल आली: रजा वाढवता येणार नाही, रुजू कधी होणार ते कळवावे. ती मेल तिने मला वाचून दाखवली आणि लॅपटॉप मिटला. मी "मग?" म्हणालो. ती म्हणाली, "बघते."

आता शहाणा माणूस गप्प बसला असता. मी विचार केला, हिला इथे थांबायला काहीतरी कारण द्यायला हवं. म्हणून एका दुपारी ऑफिसातून लवकर निघून, बायकोला न सांगता, सायकल मारत शेतावर गेलो. बाई बिटं धूत होत्या. मी घसा साफ केला आणि म्हणालो, की बघा, तुम्हाला शनिवारी टेबलावर कायमचं कोणी हवं असेल, तर माझी बायको... तिच्याकडे कामाचा परवाना आहे, माणसं सांभाळायची तिला सवय आहे... फक्त मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका.

बाईंनी नळ बंद केला. "मी तिला विचारलंय. मागेच."

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली. तुम्हाला बोलली नाही?"

"नाही."

"हं," बाई म्हणाल्या आणि नळ परत सुरू केला. मग थोड्या वेळाने, पाण्याच्या आवाजातून: "तिला विचार करू द्या. तुमच्याकडे सगळे तिच्यासाठीच विचार करतात, असं ती सांगत होती."

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. इथे तो जाताना आणि येताना दोन्ही वेळा समोरूनच असतो. घरी पोचलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून पालेभाजी निवडत होती, फोन डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवलेला, पलीकडे तिची आई. मी पॅसेजमध्ये बूट काढत होतो. तिला मी आल्याचं कळलं नसावं, किंवा कळलंही असेल.

"राजीनामा पाठवला गं. सकाळीच."

"अगं पण इतक्या वर्षांची नोकरी..."

"माहितीय. त्या विचाराने दोन रात्री झोपले नाहीये मी. शनिवारी बाजारात उभी राहणार. सप्टेंबरपासून डचचा क्लास लावलाय. मग इथल्या बँकांत अर्ज करीन, नाही मिळालं तर दुसरं काही बघीन."

"आणि सासरचे?"

"त्यांना आनंदच आहे. त्यांच्या आनंदासाठी नाही केलं, पण होऊ दे."

मी एक बूट हातात घेऊन तसाच उभा. ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू. आत जाऊन काहीतरी छानसं बोलावं असं मनात जुळवत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या मनातलंच विचारलं.

"मग जावयांसाठी राहिलीस म्हण की!"

"त्याच्यासाठी?" बायको म्हणाली. देठ मोडल्याचा आवाज आला. "अगं आई, तो इथल्या हवेसारखा आहे. तो सुधारायची वाट बघत बसले असते ना, तर अजून घरातच असते मी."